छोटेलालनं केलेले ब्रेक

ओमेशचं जीपचं वेड अख्ख्या दवनीवाड्याला ठाऊक होतं. शेती आणि खताचं दुकान सांभाळून जो वेळ उरे, तो सगळा हा माणूस त्या जीपखाली पाठीवर पडून काढायचा. शहाऐंशी सालची जीप. लिलावातून ओढत आणली तेव्हा तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालून गेली होती. चार वर्षं लागली तिला उभी करायला. इंजिनाचं सामान रायपूरहून आलं, पत्रा नागपूरहून, सीटा गोंदियात शिवल्या. त्याची बायको नीतू म्हणायची, "तिचं नाव राशन कार्डात टाका एकदाचं. घरात सगळ्यात जास्त खाणारी तीच हाय." ओमेश हसायचा. जीपवरून कोणी काही बोललं तर त्याला लागत नसे.

ब्रेक मात्र त्यानं स्वतः केले नाहीत. तेवढी अक्कल त्याला होती. ब्रेकसाठी तो गोंदियाजवळच्या फुलचूरला छोटेलालकडे गेला.

छोटेलालचं टिनाचं गॅरेज रस्त्याला लागूनच होतं. त्यावर बोर्ड नव्हता आणि त्याची गरजही कधी पडली नाही. चाळीस वर्षं तो माणूस ब्रेकच करत आला होता. जुनी गाडी विकताना "ब्रेक छोटेलालनं केलेले हायेत" म्हटलं की घेणारा पुढचा प्रश्न विचारत नसे. ओमेशच्या वडिलांचा तो दोस्त. वडील गेल्यावरही त्यानं या पोराला कधी परकं मानलं नाही. ओमेश त्याला काकाजी म्हणायचा आणि त्याच्या बायकोला, कुंदाबाईंना, काकी.

छोटेलालची एक पद्धत होती. कोणत्याही गाडीचं तेल असो, तो आधी बोटाला लावायचा, दोन बोटांत चोळायचा आणि नाकाशी न्यायचा. अर्धा आजार त्याला तिथंच कळायचा. पण कोरोनात त्याचा वास गेला तो गेलाच, परत आला नाही. "आता मले अत्तर अन् घासलेट एकच," असं तो गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचा. बोट नाकाशी नेण्याची सवय मात्र तशीच राहिली.

पावसाळा सरता सरता त्यानं जीपचे ब्रेक पूर्ण नवे केले. चारही चाकांचे लायनर, सगळे रबर, सगळे पाइप. गाडी हाती देताना बजावलं, "लायनर नवे हायेत गा. बसता बसता ब्रेकच्या डबीतलं तेल थोडं खाली जाईल. घाबरू नको. अन् आपल्या मनानं काही टाकू नको. माझ्याकडं घेऊन ये."

ओमेशनं मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं बॉनेट उघडलं तर तेल खरंच बोटभर खाली गेलेलं. दुसऱ्या दिवशी जीपला हार घालायचा, पूजा करायची, गावातून एक चक्कर मारायची, असा सगळा बेत ठरलेला. गोंदिया वीस किलोमीटर दूर. आणि समोरच ट्रॅक्टर उभा, त्याच्या शेजारी ट्रॅक्टरच्या तेलाचा अर्धा कॅन. आता शेतकऱ्याचं डोकं कसं चालतं बघा. ट्रॅक्टरच्या मागच्या पेटीत एकच तेल असतं. त्याच तेलात गिअर फिरतात, त्याच तेलावर लिफ्ट उचलली जाते आणि ब्रेकही त्याच तेलात बुडालेले असतात. पंधरा वर्षं हेच पाहिलेल्या माणसाला ब्रेकचं तेल म्हणजे आणखी कोणतं असणार? त्यानं डबी भरली, झाकण लावलं, हात पुसले. दोन मिनिटांचं काम. मग आंघोळीला गेला.

आठ-दहा दिवसांत पेडल विचित्र वागायला लागलं. दाबलं की कडक लागे, सोडलं की सावकाश वर येई. पाच-सात किलोमीटर गेलं की चाकं तापायची, जळका वास सुटायचा, आणि मग कितीही दाबा, गाडी पुढंच जायची. घरी आणून तासभर उभी केली की पुन्हा सगळं ठीक.

तो छोटेलालकडे गेला. छोटेलालनं लायनर घट्ट बसले असतील म्हणून थोडे सैल करून दिले. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी त्यानं चारही चाकांतून हवा काढली. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून तेल सोडायचं, असं दुपारभर चाललं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं पाइप उघडून फुंकून पाहिले, ड्रम काढले, दिव्याखाली धरून पाहिले. गाडी खोलेपर्यंत चाकं थंड झालेली असत आणि थंड चाकांत दोष दिसत नसे. त्यानं तेलाचं बोट नाकाशी नेलं, क्षणभर धरलं आणि पॅन्टला पुसलं.

"तू काही टाकलं तर नाई ना गा डबीत?" त्यानं विचारलं.

"नाई ना काकाजी. मी कायले टाकू?"

हे ओमेश पटकन बोलून गेला. त्या वेळी त्याला खरंच आठवलं नाही. निदान पुढं कित्येक दिवस तो स्वतःला तसंच सांगत राहिला.

छोटेलाल स्टुलावर बसला. हातातला पाना त्यानं खाली ठेवला आणि आपल्या पंजांकडे पाहत राहिला. "चाळीस वर्षांत एकही गाडी अशी मले फिरवून नाई गेली," तो म्हणाला. "गाडी चांगली हाय गा. माझंच काही चुकून राहिलं."

दिवाळी झाली. दवनीवाड्याची मंडई आली. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीहून मोठी. लेकीबाळी माहेरी येतात, घराघरात पाहुणे, रात्रभर दंडारीचं नाचगाणं आणि नाटक. ओमेशनं ठरवलं होतं की या मंडईला काकाजी-काकींना आपल्या जीपमधून, मानानं घेऊन यायचं. छोटेलाल म्हणाला, "अबे, ब्रेक बरोबर नाई तुझे. आम्ही बसनं येतो." ओमेश ऐकेना. "मी हळू चालवतो ना काकाजी. थंडी हाय, चाकं तापत नाईत." कुंदाबाईंनी मोतिया रंगाची नवी साडी नेसली होती. त्याच म्हणाल्या, "चला न जी, पोरगा एवढा आलाय घ्यायले." आणि छोटेलाल मागच्या सीटवर बसला. काकी पुढं, ओमेशच्या शेजारी.

तलावाच्या पाळीवरून रस्ता खाली उतरतो तिथं मंडईची गर्दी लागते. खेळणीवाले, जिलबीवाले, हातात फुगे घेतलेली लेकरं. ओमेशनं उतारावर पेडल दाबलं आणि पेडल खाली गेलं ते गेलंच. त्यानं हॅन्डब्रेक ओढला, तो कामाचा नव्हता. समोर लेकरं. त्यानं स्टेअरिंग फिरवलं आणि जीप पाळीखालच्या भाताच्या तणसाच्या ढिगात घातली. ढीग मोठा होता म्हणून निभावलं. पण काकींनी पुढं आदळताना हात टेकला आणि मनगट मोडलं. मोडल्याचा आवाज ओमेशनं ऐकला.

माणसं धावत आली. कोणी काकींना उतरवलं, कोणी पाणी आणलं. चहाची टपरी चालवणारा टेकचंद सगळ्यांत पुढं होता. तो ओरडला, "ब्रेक कोणी केले होते बे या गाडीचे?"

"छोटेलाल काकाजीनं," ओमेश म्हणाला. तोंडातून निघून गेलं. आणि ते खरंही होतं, त्यात खोटं काय होतं?

सगळ्यांनी छोटेलालकडे पाहिलं. बायकोचा लोंबता हात आपल्या हातांवर धरून तो तणसात गुडघे टेकून बसला होता. त्यानं मान वर केली. "हो," तो म्हणाला. "मीच केले. चूक माझी हाय."

मंडईला पाच-सहा गावांचे लोक आलेले. रात्री दंडार संपेपर्यंत ती गोष्ट पाच-सहा गावांना झाली होती.

*

काकींच्या हाताचं ऑपरेशन झालं, हाडाला स्टीलची पट्टी बसवली, वर प्लास्टर. ओमेशनं धावपळ केली, दवाखान्यात बसला, डबे नेले. लोक म्हणाले पोरगा चांगला आहे. जीप ट्रॅक्टरनं ओढून आणून गुरांच्या कोठ्यात लावली होती, तिच्याकडे पाहवत नव्हतं.

बाराव्या दिवशी त्यानं बॉनेट उघडलं. डबीचं झाकण काढलं तर झाकणाखालचं रबर रात्रभर भिजवलेल्या चण्यासारखं टम्म फुगलेलं. बोटानं दाबलं तर लिबलिबीत. त्यानं डबीखालचा मास्टर सिलिंडर खोलला. आतलं रबरही तसंच, फुगून जागेवर अडकलेलं. आणि तेव्हा त्याला दसऱ्याचा आदला दिवस आठवला. ट्रॅक्टरशेजारच्या कॅनकडे त्यानं पाहिलं.

तरी खात्री करायची म्हणून त्यानं मोबाइलवर शोधलं. त्यात सांगितल्याप्रमाणे स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन डबीतल्या तेलाचे चार थेंब सोडले. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळून जातं. हे वर तरंगत राहिलं, पिवळं, स्वच्छ. ट्रॅक्टरचं तेल. त्या तेलानं रबर फुगतं, फुगलेलं रबर ब्रेक सुटू देत नाही, न सुटलेले ब्रेक तापतात आणि तापून शेवटी हात टेकतात. सगळं मोबाइलमध्ये लिहिलेलं होतं. कोणत्याही पोरानं वाचावं इतकं सोपं.

आता इथं सरळ माणूस काय करतो? जीपची चावी टाकतो, मोटारसायकल काढतो आणि अर्ध्या तासात फुलचूरला जाऊन काकाजींच्या पायाशी बसतो. ओमेशनं काय केलं? त्यानं वाटीतलं पाणी मोरीत ओतलं आणि वाटी राखेनं घासून जागेवर ठेवली.

मग आठ दिवस तो खपला. सगळे रबर फेकून नवे आणले. पाइप स्पिरिटनं तीनतीनदा धुतले. बरोबर तेल भरलं, नीतूला पेडलवर बसवून चारही चाकांतून हवा काढली. ब्रेक असे लागले की जीप जागच्या जागी उभी राहिली. नीतू म्हणाली, "बाप्पा! काकाजीले जे नाई जमलं ते तुम्ही केलं." त्याचा चेहरा पडला. तिनं ते पाहिलं, पण विचारलं नाही.

ओमेश फुलचूरला गेला. खरं सांगायचं म्हणूनच गेला होता, वाटेत चार वेळा वाक्य जुळवलं होतं. गॅरेजला कुलूप. घरी गेला तर छोटेलाल चुलीशी बसून तांदूळ निवडत होता. काकी खाटेवर, प्लास्टरचा हात उशीवर. त्यांची वेणी वाकडीतिकडी घातलेली होती. छोटेलालनंच घातली होती हे दिसत होतं.

"ये गा," छोटेलाल म्हणाला. "जीपचं काय?"

"झाली ठीक."

"कोणाकडून केली?"

"मीच केली काकाजी."

छोटेलालचे हात थांबले. "काय निघालं?"

हीच ती वेळ होती. ओमेशनं काकींच्या प्लास्टरकडे पाहिलं, त्यावर कोणीतरी पेननं तारीख लिहिली होती, आणि त्याच्या तोंडून निघालं, "रबर खराब निघाले."

अर्धं खरं. पुऱ्या खोट्यापेक्षा ते जास्त महागात पडलं.

"रबर तर मीच टाकले होते," छोटेलाल हळूच म्हणाला. "नवे होते गा ते. मी पाहून घेतले होते." त्यानं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "डोळेही गेले म्हणायचे मग. नाक गेलं, डोळे गेले." त्यानं काकींकडे पाहिलं. "माझ्या हातानं हिचा हात मोडला."

"असं नका बोलू जी," काकी म्हणाल्या.

ओमेश चहा न पिता निघाला. गाडीवर बसल्यावर त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की किक मारायला पाय उचलेना.

*

पुढच्या आठवड्यात टेकचंदच्या टपरीवर त्याला कळलं. टेकचंद चहा गाळता गाळता म्हणाला, "छोटेलालभाऊ सकाळी आला होता इथं. सायकलवर. एवढ्या दूर."

"कायले?"

"आमच्या मेटाडोरचे ब्रेक त्यानं केले होते ना, होळीच्या वक्ताले. सांगून गेला, दुसऱ्या मेकॅनिकले दाखवून घे. माझा भरोसा धरू नको म्हणे. त्याच्याजवळ कॅलेंडरचा कागद होता, मागं नावं लिहिलेली. यंदा ज्या ज्या गाडीचे ब्रेक केले, सगळ्यांच्या घरी जाऊन राहिला. अकरा नावं." टेकचंदनं कप पुढं सरकवला. "म्हटलं, छोड ना भाऊ, एक गाडी बिघडली तर काय झालं? तर म्हणे, ज्याच्या गाडीत लेकरं बसतात त्याले मी काय तोंड दाखवू? अजीब माणूस हाय. पण आता त्याच्याकडं कोण जाईल, सांग."

ओमेशच्या हातातला कप तसाच राहिला.

घरी आल्यावर तो जेवला नाही. दुपारी नीतूनं समोर बसून विचारलं, "काय झालं ते सांगता, का मी माहेरी जाऊन दादाले पाठवू?" धमकी खोटी होती, पण तिचा आवाज खोटा नव्हता. त्यानं सांगितलं. कॅन, डबी, वाटीतलं पाणी, "रबर खराब निघाले", सगळं. सांगताना तो रडला, आणि रडताना त्याला वाटलं की आता तरी हलकं वाटेल.

नीतूनं पदरानं डोळे पुसले, स्वतःचे. त्याचे नाही.

"म्हणजे तिकडं तो म्हातारा माणूस दारोदार जाऊन स्वतःले शिव्या देऊन राहिला," ती म्हणाली, "अन् तुम्ही इथं मले सांगून राहिले? मले कायले सांगता? माझा हात मोडला का?"

तो उठला. चप्पल घातली आणि मोटारसायकल काढली.

*

छोटेलाल ओसरीत बसून सायकलच्या चाकात हवा भरत होता. काकी शेजारी खाटेवर. ओमेशनं या वेळी वाक्य जुळवलं नव्हतं. उभ्या उभ्याच म्हणाला, "काकाजी, रबर चांगले होते. तुमचं काही चुकलं नव्हतं. दसऱ्याले मी डबीत ट्रॅक्टरचं तेल टाकलं होतं."

छोटेलालनं पंप थांबवला.

"कोणतं तेल?"

"मागच्या पेटीचं. ब्रेकचंच समजून. तुम्ही विचारलं तेव्हा नाई म्हटलं. मागं आलो होतो तेव्हा मले माहीत झालं होतं, तरी सांगितलं नाई."

ओमेशनं थप्पड खायची तयारी ठेवली होती. शिव्यांची ठेवली होती. पण छोटेलालच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उगवलं त्याची नव्हती ठेवली. म्हातारा हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"ट्रॅक्टरचं तेल," तो म्हणाला. "म्हणून रबर फुगले. म्हणून गरम झाल्यावर अडकत होते, थंड झाल्यावर सुटत होते. बरोबर. एकदम बरोबर. अन् मी हवा काढली ना, तेव्हा ते तेल चारही चाकांत मीच पोचवलं!" त्यानं दोन्ही पंजे उघडून बायकोपुढं धरले. "कुंदा, पाह्य व. माझा हात ठीक हाय. हात नाई गेला माझा."

त्या हसण्यानं ओमेश जितका मेला तितका शिव्यांनी मेला नसता.

कुंदाबाई हसल्या नाहीत. प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवून त्यांनी ओमेशकडे पाहिलं.

"तेल चुकून पडलं, त्याचं मले काही नाई," त्या म्हणाल्या. "मनगट काय, हाडंच ते, जुळतं. पण हा माणूस महिनाभर माझ्या हाताकडं पाहून जेवला नाई. घास उचलायचा अन् ठेवायचा. त्या दिवशी तू इथंच उभा होतास ना रे? आत, माझ्या खाटेजवळ? तुले दिसत होतं."

"हो काकी."

"मग?"

"भीती वाटली," तो म्हणाला, आणि म्हणताच ते किती किरकोळ आहे हे त्याला कळलं.

"जाऊ दे व," छोटेलाल म्हणाला. "पोरगा आला ना सांगायले."

"मी नाई जाऊ देत," कुंदाबाई म्हणाल्या. "तुम्ही अकरा घरी गेले, थंडीवाऱ्याचे, सायकलवर. आता हा जाईल. त्याच अकरा घरी." त्यांनी डाव्या हातानं उशीखालून कॅलेंडरचा घडी घातलेला कागद काढला आणि ओमेशपुढं केला. "खऱ्या माणसानं खोटं सांगून आपलं नाव बुडवलं. खोट्यानं आता खरं सांगावं."

*

यादीत पहिलं नाव कामठ्याच्या भैयाजींचं होतं. भैयाजी शाळेच्या पोरांना मोठ्या ऑटोनं ने-आण करायचे. पन्नाशीचे, गंभीर, शब्दाला मान असलेले. यांनी मानलं की निम्मी गावं मानतील, असा माणूस. ओमेश त्यांच्या अंगणात पोचला तेव्हा त्याला पहिल्यांदाच जरा बरं वाटत होतं. अकरा दारं, अकरा वेळा लाज, आणि मग काकाजींच्या गॅरेजचं कुलूप निघेल. एवढं तर आपण करू शकतो.

त्यानं सगळं सांगितलं. काहीही न लपवता. तेल, फुगलेलं रबर, मंडईच्या गर्दीसमोर घेतलेलं काकाजींचं नाव, खाटेजवळ बोललेलं खोटं. भैयाजी मन लावून ऐकत होते. त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली होती.

ओमेश थांबला तेव्हा भैयाजी उठले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस बाबू, बस," ते म्हणाले. "मी समजलो."

"काय समजले?"

"छोटेलाल स्वतः आला होता माझ्याकडं. या अंगणात उभा राहून, हात जोडून म्हणाला, माझ्या हातून चूक झाली. स्वतःच्या तोंडानं. चाळीस वर्षांचा मेकॅनिक उगाच असं म्हणेल का? ब्रेक मी दुसऱ्याकडून बदलूनही घेतले." त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्या वडिलांचा दोस्त हाय तो. म्हाताऱ्याचं नाव वाचावं म्हणून तू सगळं आपल्या अंगावर घेऊन राहिला. मले दिसत नाई का?"

"नाई भैयाजी, खरंच मी..."

"शपथ घेऊ नको. देवाच्या शपथेवर खोटं बोलायची पाळी नको येऊ देऊ स्वतःवर." ते दाराकडे वळले. "पाह्य व, याले म्हणतात संस्कार. स्वतःच्या काकीचा हात ज्याच्या चुकीनं मोडला, त्याच्यासाठी हा पोरगा दोष घेऊन फिरून राहिला. आजकाल कोण करतं?"

"खरंच बाई," बायको म्हणाली, आणि आत चहा ठेवायला गेली.

"भैयाजी, ऐका ना," ओमेश म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "तेल मी टाकलं. मी. त्यायची काहीच चूक नव्हती."

त्याचे भरलेले डोळे पाहून भैयाजींचेही डोळे भरून आले. "किती जीव हाय रे तुझा त्या म्हाताऱ्यावर," ते म्हणाले. "पण माझ्या ऑटोत बावीस लेकरं बसतात, बाबू. तुझ्या चांगुलपणासाठी मी त्यायचा जीव धोक्यात नाई टाकू शकत. छोटेलालले माझा नमस्कार सांग."

चहा आला. सोबत कामठ्याच्या मंडईसाठी केलेल्या अनारशांची बशीही आली. "घे, बेटा," भैयाजींची बायको मायेनं म्हणाली, आणि तो घेईपर्यंत बशी धरून उभी राहिली.

ओमेशनं अनारसा घेतला. मग बशी खाली ठेवून तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला, आणि नवराबायको दोघंही कौतुकानं त्याच्याकडे पाहत राहिले.